चिंच खाणारी बाई

७ जानेवारी १९५३

सिप्रियनने आज माझ्या थोबाडीत मारली. चिंचेवरून!

चूक कोणाची, ते नीट विचार करून लिहायचं. बाबांनी मला अक्षरं शिकवली तेव्हाच सांगितलं होतं — दिवस संपताना मन तपासायचं आणि तपासलेलं लिहून काढायचं, म्हणजे स्वतःशी खोटं बोलता येत नाही. तर — मी पडवीत बसून बँडचं पितळ घासत होते. राख आणि चिंच. तीन राजांचा सण काल झाला, आता लग्नं सुरू होतील, ईस्टरआधीचा उपासकाळ लागेपर्यंत उसंत नाही. युफोनियम झाला, ट्रॉम्बोन झाला. सिप्रियन आत कॉर्नेटवर नवा मार्च बसवत होता. वाजवत वाजवतच बाहेर आला. मी बोटाला लागलेली चिंच चाटली.

मुद्दाम नाही.

आता लिहिताना वाटतं, थोडं मुद्दाम.

कॉर्नेट वाजवणाऱ्यासमोर आंबट खायचं नसतं. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ओठ ओले होतात, आणि कितीही मोठा वाजवणारा असो, सूर फाटतो. सिप्रियनचा वरचा सूर बकरी ओरडावी तसा फाटला. लहानपणी मी हसले असते. आजही हसले. मग त्याचा हात आला. डाव्या कानात अजून शिट्टी वाजते आहे.

आई म्हणाली, "भावाच्या पुढ्यात चिंच चाटायची काय गरज होती, फ्लोरा?" त्याला कोणी काही म्हणालं नाही. पहिला कॉर्नेट आहे ना तो! त्याच्या तोंडावर अकरा माणसांचा बँड चालतो.

१२ जानेवारी

काल अर्नाळ्याला होतो. बैलगाडीतून अंग मोडून परत.

मी बँडबरोबर जाते याला गावात नावं ठेवतात. पण आदल्या संध्याकाळी नवरीच्या घरी लादीन असते, कुरसापुढे गायची प्रार्थना, तिथे फिडल लागतं. ते बाबा पूर्वी वाजवायचे. आता त्यांची बोटं वळत नाहीत, म्हणून मी. मिरवणुकीत मी कडेकडेने चालते, फिडल छातीशी धरून, मान खाली. मग लोक म्हणतात, सेबेस्टियन मास्तरांची पोर गरीब आहे.

गरीब नाही. घाबरट आहे.

लादीन नीट झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच मारामारी. दारूबंदी आल्यापासून लोक लपून पितात आणि लपून प्यायचं म्हणून घाईघाईने पितात. नवरीच्या मामाने नवऱ्याच्या चुलत्याच्या डोक्यात पाट घातला. रक्त डुकराच्या सोरपोतेलच्या परातीत! बाबांचा नियम ठरलेला आहे — भांडण लागलं की वॉल्ट्झ, नाचाची चाल, आणि मोठ्याने. "थांबलात तर त्यांना आपण दिसू," म्हणतात. पाट, मुठी, आरडाओरडा, आणि मधोमध आमचा गोड गोड वॉल्ट्झ. हरेश्वर ढोल बडवता बडवता हसत होता.

ढोल धर्माच्या पाठीवर असतो. धर्मा आचोळ्याचा, या वर्षीच आलाय. तो वाकतो, ढोल पाठीवर बांधून घेतो, मागून हरेश्वर वाजवतो. दिवसभर असा वाकून चालतो. कानांत कापसाचे बोळे. वाजणं सुरू झालं की त्याला दुसरं काहीच ऐकू येत नाही, आणि वाकल्यामुळे दिसतात ते फक्त लोकांचे पाय.

मला म्हणाला, "बाय, तुमच्या पायाला चिखल कवा लागत नाय. तुमी चालता का उडता?"

गाडीत सगळे हसले. मीही.

१९ जानेवारी

लिहायला नको वाटतं. तरी लिहायचं.

आज लग्न आमच्याच गावात. नवरीकडे आमचा बँड, नवऱ्याकडे मायकल मास्तरांचा. म्हणजे देवळाचा बँड — जो बाबांनीच उभा केला होता. दोन वर्षांपूर्वी बाबा तिथून भांडून निघाले. "कुठे वाजवायचं ते दुसऱ्याला विचारून ठरवणार नाही," म्हणाले, आणि आपला वेगळा बँड काढला. तेव्हापासून मायकल मास्तर रस्त्यात दिसले तर बाबा टोपी सरळ करतात आणि दुसरीकडे बघतात.

देवळाच्या वाटेवर मोठ्या कुरसाजवळ दोन्ही वऱ्हाडं समोरासमोर आली. रिवाज सगळ्यांना माहीत. दोन बँड भेटले की कोणी थांबायचं नाही. आपापला मार्च एकमेकांवर वाजवायचा. जो आधी थांबेल त्याने वाट सोडायची आणि त्याचं वऱ्हाड मागून चालणार. सगळ्या गावासमोर मागून!

तिकडे बेसिल, इकडे सिप्रियन. बेसिलला कॉर्नेट धरायला बाबांनीच शिकवलं होतं, आमच्या पडवीत, सिप्रियनच्या शेजारी बसवून. दोघांची मान सारखीच तिरकी होते.

ऊन चढलं. कोणी थांबेना. सिप्रियनच्या खालच्या ओठाला रक्त आलं. बेसिलचे गाल जांभळे. लोक टाळ्या पिटत होते, "सोडू नको रे, सोडू नको!" नवरी बिचारी रडायला लागली, तिच्याकडे कोण बघतो?

तेवढ्यात एक बाई पुढे आली. हिरवं लुगडं, आमच्या ओळखीची नाही. सिप्रियनच्या अगदी समोर उभी राहिली. हातात हिरवी चिंच, दुसऱ्या हातात मिठाची पुडी. बुडवून खात होती. चवीने. डोळे मिटून, मान हलवून. मी पाहिलं — डोळे उघडले तेव्हाही ती सिप्रियनकडे बघत नव्हतीच. त्याच्या मागे कुठेतरी बघून हसत होती.

सिप्रियनचा सूर फाटला.

मायकल मास्तरांकडचे ओरडले, "गेला! गेला!"

सिप्रियनने कॉर्नेट ओठांवरून काढला आणि तिच्या मनगटावर मारला. ती "आई गं" म्हणाली असेल, ऐकू कसं येणार, हरेश्वर वाजवतच होता. मग त्याने लाथ मारली. पोटात. ती मागे पडली आणि माणसं तिच्यावरून एकमेकांवर धावली.

त्यानंतरचं एकत्र लिहिता येत नाही. कोणाचा तरी दात माझ्या पायाशी होता. ट्रॉम्बोनची नळी वाकली. नवऱ्याचा बाप कुरसाच्या चौथऱ्यावर चढून "देवाला तरी भ्या!" म्हणत होता, आणि खाली उतरून त्यानेही एकाला हाणलं. मी फिडल पोटाशी धरून कुरसाला चिकटून बसले. बाईला कोणी उचललं ते मी पाहिलं नाही.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बाई उभी केली! मायकल इतका खाली गेला! चिंच खायला पोरं उभी करतात ते माहीत होतं. बाई!"

सिप्रियन ओठाला तूप लावत होता. "पुन्हा उभी करणार नाही," म्हणाला.

२० जानेवारी

दिवसभर तेच. डोळे मिटून चिंच खाणारी बाई.

२२ जानेवारी

धर्मा सकाळी आला. पडवीच्या खालीच उभा राहिला, वर ये म्हटलं तरी येईना.

"मास्तर, सोमवारच्या मारामारीत रंभेला लागलाय. माज्या बायकोला."

बाबा म्हणाले, "ती कुठे होती तिथे?"

"आलेली बघायला. मला नाय म्हाईत. मी ढोलाखाली. सांगते, मायकलची मानसा धावली तेवा गर्दीत पडली. पोटावर पाय पडला." मग पायरीची कड नखाने खरवडत म्हणाला, "दोन जिवांची हाय, मास्तर. रगत गेला. सुईन म्हनते, आजून पोर हाय आत. पन उठायचा नाय."

आईने छातीवर कुरूस केला. सिप्रियन उठला, पायऱ्या उतरून खाली गेला, धर्माच्या खांद्यावर हात ठेवला. "सोडायचा नाही त्यांना," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी होतं.

दोन जिवांची बाई. चिंच.

एक विचार मनात आला. तो लिहीत नाही.

२५ जानेवारी

रविवार. देवळातून, मिस्साहून परतताना बेसिलला केळीच्या वाडीत गाठला. सिप्रियन, हरेश्वर, धर्मा.

मला स्वयंपाकघरात कळलं. सिप्रियन पाटावर बसून भाकरी खात सांगत होता. हरेश्वरने हात धरले, सिप्रियनने केस. धर्माने ढोलाचा दांडा. तोंडावर. "एकदाच म्हटलं होतं, पण धर्मा थांबेना. आम्हीच ओढला त्याला. पुढचे दात सगळे गेले. आता फुंक म्हणावं!"

बाबांनी भाकरी मोडली, तोंडात घातली नाही, पुन्हा ताटात ठेवली. बेसिलला त्यांनी शिकवलं होतं — ओठ असे धर, दात असे, जीभ दातांमागे.

आई म्हणाली, "चटणी वाढू?"

२९ जानेवारी

गेले. आईने तेल आणि गूळ दिला, म्हणाली धर्माच्या बायकोला नेऊन दे. मी एकटी रूळ ओलांडून आचोळ्याला गेले. वाटेत सगळी वेळ प्रार्थना करत होते, की ती दुसरी कोणी असू दे. उंच असू दे. काळी असू दे. म्हातारी असू दे.

तीच होती. मनगटाला पाला बांधलेला.

मला बघून ती उठून बसायला गेली आणि तिला कळ आली. "तू त्याची बहीन ना? फिडलवाली."

मी तेलाची बाटली पुढे केली.

"मला चिंचेचे डोहाळे लागलेत," ती म्हणाली. "पान्याशिवाय राहीन, पन चिंचेशिवाय नाय. माज्या मानसाला बघायला आलेली मी. ढोलाखाली कसा दिसते ते. मुंडी खाली, बैलासारका! मला हसू आला. आनि तुज्या भावाने मला मारला. का मारला?"

मी तिला सांगितलं. कॉर्नेट, ओठ, आंबट, तोंडाला सुटलेलं पाणी. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढ्यासाठी?"

"धर्माला का नाही सांगितलंस?"

"सांगू? तो कोयता घेऊन जाईल. तुजा भाव मरेल आनि हा फासावर जाईल. माज्या पोराला बाप पायजे. म्हनून म्हटला, गर्दीत पडली. गर्दीला कोन मारनार?"

"बेसिलला मारलं," मी म्हणाले. "तुझ्या धर्माने. त्याचे दात पाडले."

"बेसिल कोन?"

तिला ठाऊकच नव्हतं! सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला. मग माझा हात धरला, दुखऱ्या हाताने. "झाला ते झाला. तू बोलू नको. माजा मानूस जिता हाय तोवर बोलू नको. शपथ घे."

मी गळ्यातला कुरूस बाहेर काढला.

"तुज्या देवाची नको. तो लगेच माफ करते असा ऐकलाय. आईची घे."

आईची घेतली.

निघताना धर्मा शेतावरून येत होता. "बाय, चिखल लागला तुमच्या पायाला!" म्हणाला. किती खूश झाला होता मी आले म्हणून! एवढं मोठं काकडीचं ओझं दिलं.

१ फेब्रुवारी

पापांचा कुमसार केला. जाळीमागे फादर खोकत होते. मी म्हणाले, मला एका माणसाचं पाप माहीत आहे आणि मी गप्प आहे. ते म्हणाले, दुसऱ्याचं पाप इथे आणू नये, आपलं आणावं. मी म्हणाले, पण त्या पापाची शिक्षा भलत्यालाच झाली, आणि मी तोंड उघडलं तर आणखी एक मरेल. फादर पुन्हा खोकले. मग म्हणाले, "ज्याचं आहे त्याला पाठव."

घरी येऊन सिप्रियनला म्हटलं, उपासकाळाआधी कुमसार करून ये.

"कशाचा?"

"त्या बाईला मारलंस त्याचा."

"चिंचवालीचा? मग पितळ घासणारीला मारली, तेही सांगू?" आणि माझा कान ओढला. लाडाने.

ख्रिस्तप्रसाद घ्यायला बेसिल गुडघे टेकून बसला होता. तोंडावरचं फडकं त्याने खाली केलं आणि तोंड उघडलं. आत लाल आणि काळं. फादरांचा हात क्षणभर थांबला. बेसिलच्या आईने मान वळवून आमच्या बाकाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. मी पुढे जाऊन तो घेण्याच्या लायकीची आहे का, ठरवता येईना.

५ फेब्रुवारी

पाचूबंदरचं लग्न. वरातीवर दगड आले. क्लॅरिनेट मोडलं, वाजवणाऱ्याचं बोटही. बाबा म्हणाले, "वाजवा!"

९ फेब्रुवारी

सिप्रियन बदलला आहे. रस्त्याने चालताना एक हात तोंडावर ठेवून चालतो, दाढ दुखणाऱ्यासारखा. विहिरीवर एकटा जात नाही. मायकल मास्तरांकडून निरोप आला आहे, कोणाकोणाच्या तोंडून फिरत — दातांना दात. सगळ्या गावाला माहीत आहे. पैज लावतात म्हणे, उपासकाळाआधी की नंतर.

आई म्हणाली, "नको जाऊ या राहिलेल्या लग्नांना."

बाबा म्हणाले, "आज नाही गेलो तर पुन्हा कोण बोलावील? आपल्या पाठीशी ना देऊळ, ना कोणी सावकार. शब्द दिलाय तेवढाच आपला." आणि धर्माला बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू मागे नाही. ढोल पुढे घ्यायचा. सिप्रियनच्या लगत चालायचं."

धर्मा म्हणाला, "धाकल्या मास्तरांच्या तोंडाला कोन हात लावते ते मी बघतो."

सिप्रियनने त्याला आपले बूट दिले. जवळजवळ नवे. धर्माला होईनात, तरी त्याने घेतले. तो गेल्यावर सिप्रियन म्हणाला, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतो हा माणूस."

मी भांडी घासत होते. हात थांबले.

"सिप्रियन, ती बाई मायकलची नव्हती."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. ती पोटुशी होती. म्हणून चिंच खात होती."

तो माझ्याकडे बघत राहिला. असं वाटलं, आता विचारील, मग कोणाची? विचारलं असतं तर? आईची शपथ. आई तर तिथेच चुलीपाशी होती, शेंगा सोलत. मी ओठ आतून चावून धरले.

त्याने विचारलं नाही. म्हणाला, "पोटुशी बाईने बँडपुढे कशाला यावं?" आणि कॉर्नेट घेऊन मागच्या वाडीत गेला. पण वाजवल्याचा आवाज आला नाही.

१२ फेब्रुवारी

रंभाला पुन्हा भेटले. उठून बसते आता. पोर हलतं म्हणाली, माझा हात धरून पोटावर ठेवला. हललं!

तिला म्हटलं, शपथ सोडव. बेसिलची माणसं सिप्रियनला मारतील, आणि बेसिलने काहीच केलेलं नाही, धर्माने एका निरपराध माणसाला मारलं हे धर्माला तरी कळू दे.

"कळला तर काय करेल?"

मी पोटावरचा हात काढून घेतला.

"तुला तुजा भाव पायजे. मला माजा नवरा. आपन दोघी गप्प बसू, दोघा राहतील."

मला तेव्हा ते पटलं. हे लिहून ठेवते — पटलं. भावावर प्रेम म्हणून गप्प आहे, की बोलायची भीती म्हणून? तपासून पाहिलं. कळत नाही. दोन्ही एकाच रंगाचं आहे.

१६ फेब्रुवारी

भुईगाव. शेवटचं लग्न. परवा राखेचा बुधवार, उपासकाळाचा पहिला दिवस.

सकाळपासून सगळं इतकं चांगलं चाललं होतं. वारा समुद्रावरून येत होता. सिप्रियनने महिनाभरात वाजवलं नाही असं वाजवलं. म्हाताऱ्या बायका दारात येऊन नाचल्या. एकीने धर्माच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती ढोलाखाली लोंबत होती. मला वाटलं, झालं. आजचा दिवस गेला की उपासकाळ. उपासकाळात बँड नाही, लग्न नाही, भांडण नाही. ईस्टरपर्यंत सगळ्यांची डोकी थंड होतील. मी तीन वेळा देवाचे आभार मानले. घाई केली.

दोन वाड्यांमधल्या गल्लीत शिरलो. इतकी अरुंद, की दोनच माणसं लगत चालतील. पुढे धर्मा वाकलेला, मागे हरेश्वर, धर्माच्या डाव्या अंगाला सिप्रियन. मी कुंपणाच्या कडेने, थोडी मागे.

बेसिल कुंपणातून आला. तोंडाला फडकं, हातात पहार. ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याला आता बोलायला त्रास होतो.

मी किंचाळले. सिप्रियनने डोळे मिटलेले, वरचा सूर धरलेला. त्याला काही दिसलं नाही.

धर्माला दिसलं. वाकलेल्या माणसाला पाय दिसतात. त्याने बेसिलचे पाय पाहिले असणार, धावत येणारे, अनवाणी.

ढोल त्याच्या पाठीला होता. तसाच वाकून राहिला असता तर त्याला काही झालं नसतं. नुसती पाठ वळवून मध्ये शिरला असता तर ढोल फुटला असता, बस. पण तो सरळ उभा राहिला. ढोलासकट. सिप्रियनच्या समोर.

पहार कपाळावर बसली.

आवाज झाला तो मी लिहिणार नाही. धर्मा मागे पडला, ढोलावर पडला, आणि हरेश्वरचा उचललेला दांडा थांबवता आला नाही — तो ढोलावर पडला. एक ठोका. मोठा. मग गल्लीत सगळं शांत.

बेसिलने पहार टाकली. धर्माच्या जवळ गुडघ्यावर बसला आणि फडक्याआडून काहीतरी बोलला. पुन्हा पुन्हा तेच. मला वाटतं तो म्हणत होता, "हा नाही. हा नाही." मग आमच्या माणसांनी त्याला घेरला. मी त्यांच्या मध्ये घुसले. कशी घुसले माहीत नाही. माझ्या पाठीवर दोन-तीन बसल्या. फिडल मोडलं. पोलीस येईपर्यंत मी बेसिलच्या अंगावरून उठले नाही.

सिप्रियन ओरडत होता, "तिला ओढा! वेड लागलंय तिला!"

१७ फेब्रुवारी

धर्माला आमच्याच पडवीत ठेवला होता. वसईहून डॉक्टर आले, बघून गेले. बाबांशी बाहेर बोलले, आमच्याशी बोलले नाहीत.

रंभाला आणलं. चालत आली. एवढं चालायचं नव्हतं तिने.

सकाळी तो थोडा शुद्धीवर आला. कानांतले बोळे मीच काढले होते. सिप्रियन उशाशी बसला होता, रात्रभर तिथेच होता, चमच्याने पाणी घालत. धर्माने त्याच्याकडे पाहिलं.

"धाकले मास्तर. तोंड शाबूत हाय ना?"

सिप्रियन रडायला लागला. लहान पोरासारखा, नाक पुसत. "शाबूत आहे. तुझ्यामुळे शाबूत आहे."

"मग वाजवा," धर्मा म्हणाला. "मला आयकायचाय. कवा नीट आयकलाच नाय."

सिप्रियनने कॉर्नेट आणला. ओठांना लावला. ओठ थरथरत होते, जमेना. तिसऱ्या वेळी जमलं. हळू वाजवलं, लादीनीचा सूर. रंभा दारात बसून होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला, पोटावर दोन्ही हात. ती सिप्रियनच्या ओठांकडे बघत होती. एकदाच माझ्याकडे पाहिलं.

धर्मा दुपारी गेला.

बाबा म्हणाले, आचोळ्यापर्यंत आमचा बँड पुढे वाजवत नेईल त्याला. माझा खर्च, माझी माणसं. रंभा म्हणाली, "नको." एवढंच बोलली.

बेसिल कोठडीत आहे.

१८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

कपाळावर राख घेऊन मिस्साहून आलो. पितळ गुंडाळून ठेवायचं होतं. सिप्रियन पडवीत बसून कॉर्नेट पुसत होता. रंभा अंगणात आली. रडत नव्हती. आई "ये गं" म्हणाली, तिने ऐकलं नाही. ती सिप्रियनसमोर जाऊन उभी राहिली, ओटीतून हिरवी चिंच काढली, आणि खाल्ली. सावकाश. या वेळी डोळे उघडे. सिप्रियन तिच्या मनगटाकडे बघत राहिला.

माझी शपथ काल दुपारीच संपली होती. मला बोलावं लागलं नाही.

कॉर्नेट त्याच्या मांडीवर होता. ओठांना नव्हता. तरी त्याने ओठ पुसले.